सूरपेटी घेताना भाता आधी, लाकूड नंतर

गेल्या दीड वर्षापासून रोज पहाटेच्या रियाजाला मी हाताने घडवलेली, मध्यम आकाराची, १३ सुरांची सागवानी सूरपेटी वापरते आहे. तिच्याविषयीचे माझे मत आरंभीच सांगते. तिचा भाता उत्तम आहे आणि आवाज मऊ व भरीव आहे. मात्र माझ्या पट्टीसाठी (म्हणजे मी ज्या सुराला षड्ज मानून गाते त्यासाठी) हवा असलेला खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज, तिच्यात नाही, आणि तो नसेल हे घेताना माझ्या ध्यानातच आले नव्हते. ही उणीव कारागिराची नसून माझ्या निवडीची आहे, म्हणूनच निवडीसंबंधी थोडे सविस्तर लिहिते.

सूरपेटी म्हणजे स्वरपट्ट्या नसलेली पेटीच, म्हणजे हार्मोनियमच. पितळेची पाती बसवलेले सूर, त्यांच्यावरची भोके उघडणारे खटके आणि हवा पुरवणारा भाता, एवढाच तिचा संसार असतो. हवे ते सूर एकदा उघडून ठेवले की एका हाताने भाता चालवत गाता येते. दक्षिणेत नागस्वरासोबत पूर्वी ‘ओत्तु’ नावाचे सूर धरणारे वाद्य असे. त्याची जागा पुढे बऱ्याच ठिकाणी श्रुतिपेटीने, म्हणजे सूरपेटीनेच घेतली. आपल्याकडे तंबोऱ्याचा मान मोठा असल्यामुळे सूरपेटीला दुय्यम समजले जाते, आणि तंबोऱ्याच्या जवारीतून, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणाऱ्या गुंजनातून, उमलणारा गंधार तिच्याकडून अपेक्षिणे चुकीचेच आहे. पण तारा जुळवण्याइतका कान अजून तयार न झालेल्या विद्यार्थ्याला, किंवा प्रवासात तंबोरा नेणे शक्य नसलेल्या गायकाला, हा न थांबणारा सूर मोठा आधार देतो.

दुकानात गेल्यावर नजर साहजिकच लाकडाच्या झळाळीवर आणि पितळी कोपऱ्यांवर जाते. माझीही गेली होती, परंतु सोबत आलेल्या माझ्या गुरूंनी पेटी हातात घेताच सर्व खटके बंद केले, भाता पूर्ण भरला आणि हात काढून घेतला. चांगल्या भात्यातली हवा अशा वेळी बराच काळ टिकून राहते. फळी झपाट्याने मिटू लागली, तर घड्यांच्या सांध्यांतून, चामड्याच्या झडपेतून किंवा नीट न बसलेल्या खटक्याखालून हवा गळते आहे असे समजावे. शांत खोलीत कान जवळ नेला तर ती गळती फुसफुसल्यासारखी ऐकूही येते. त्यानंतर त्यांनी एकेक सूर उघडून भाता अगदी हलक्या हाताने चालवला, कारण जोर दिल्यावर कोणताही सूर बोलतो. कमी दाबावर जो रेंगाळत उमटतो किंवा खरखरतो, त्याचे पाते चौकटीत मध्यावर बसलेले नसते किंवा त्यात कचरा अडकलेला असतो. शेवटी दोन सूर एकत्र उघडून, हाताची दिशा बदलताना आवाजाला हिसका बसतो का, हे त्यांनी ऐकले. आतील स्प्रिंगचा ताण योग्य असेल तर साठवलेली हवा त्या क्षणी कमी पडत नाही आणि सूर अखंड वाहतो. आम्ही त्या दिवशी तीन पेट्या अशा तपासल्या, आणि सर्वांत देखणी होती तीच या कसोटीला उतरली नाही.

आता पट्टीविषयी, कारण माझी चूक येथेच झाली. पट्ट्यांची नावे हार्मोनियमच्या सप्तकातील पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांच्या क्रमांकावरून पडली आहेत. सामान्यतः १३ सुरांची पेटी पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत असते, त्यामुळे दोन्ही षड्ज फक्त पांढरी एकमध्ये गाणाऱ्यालाच मिळतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाला षड्ज आणि त्याच्या वरचा पंचम, म्हणजे काळी चार, मिळतो. तार षड्ज मात्र पेटीच्या बाहेर जातो. माझी पट्टी काळी चार आहे. माझा पंचम काळी दोनवर, षड्जाच्या खाली येतो, म्हणजे तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचा आणि जोडाचा (मधल्या दोन तारांचा) सूर मला मिळतो, पण चौथ्या तारेचा खर्ज मिळत नाही. मध्यम लावायचा झाल्यास काळी एक उघडावी लागते, आणि मालकंसासारखा पंचम वर्ज्य असलेला राग गाताना ही सोय फार उपयोगी पडते. खर्ज नसल्याने भरणा कमी वाटतो, हे मला महिनाभराने जाणवले. खालच्या सप्तकातील सूर बसवलेली मोठी पेटीही मिळते. ती जड असते व तिला हवा जास्त लागते, तरीही उंच पट्टीत गाणाऱ्या स्त्रियांनी निदान ती ऐकून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

जुळणीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. पेटीतील १२ स्वर समान अंतरांवर लावलेले असतील, तर पंचम शुद्ध पंचमापेक्षा सुमारे २ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधील अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला राहतो. काळी एकच्या षड्जासोबत असा पंचम उघडला की साधारण दर दोन सेकंदांना एक संथ लाट ऐकू येते, आणि एकदा कानाने ती पकडली की मग ती ऐकू येतच राहते. हार्मोनियमच्या सुरांवर तर पूर्वीपासून आक्षेप घेतले गेले आहेत. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. सूरपेटीत मात्र यावर उपाय आहे, कारण आपल्याला सगळे स्वर लागतच नाहीत. कारागिराला आपली पट्टी सांगून पंचम शुद्ध करून मागावा. पात्याच्या टोकाकडील पितळ कानशीने किंचित घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो, आणि जाणत्या हाताला हे काम अवघड नाही. मी माझा पंचम असाच करून घेतला. लाट गेली आणि षड्ज-पंचम एकमेकांत असे मिसळले की त्या दिवशी मी बराच वेळ न गाता नुसती ऐकत बसले. स्वतः मात्र कानस हाती घेऊ नये, कारण घासलेले पितळ परत येत नाही.

तक्रार एकच आहे. पहिल्याच पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगून दोन खटके घट्ट झाले आणि एक सूर बोलेनासा झाला. दुकानदाराने दुरुस्ती करून दिली, परंतु त्यासाठी पेटी तीन आठवडे ठेवून घेतली, आणि दमट हवेत काय जपावे हे विकताना सांगितले नव्हते. आता मी ती भाता पूर्ण मिटवून, सुती कापडात गुंडाळून, भिंतीला न टेकवता कपाटात ठेवते आणि पावसाळ्यातही रोज दहा मिनिटे तरी वाजवते. दुसरा पावसाळा विनातक्रार गेला.

भाता चालवण्याची गतीही शिकावी लागते. जोरात दाबल्यास सूर किंचित उतरतो, आणि हात श्वासाबरोबर धावू लागला तर आवाज वरखाली होतो. माझा हात स्थिर व्हायला दोन महिने लागले. ज्यांना दोन्ही हात मोकळे ठेवून गायचे आहे त्यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोराच घ्यावा. बाकीच्यांनी दुकानात जाताना आपली पट्टी नक्की ठाऊक असलेल्या जाणकाराला सोबत न्यावे आणि निदान अर्धा तास पेटी वाजवून, तिच्या सुरात गाऊन मगच पैसे द्यावेत.