एच-४ वर असताना दिवस गेले: मुदतवाढ इथूनच घ्यायची, की भारतात जाऊन यायचं?

एकोणिसावा आठवडा चालू होता. पासपोर्ट नूतनीकरणाला पाठवायचा म्हणून कागदपत्रं काढत बसले होते. त्यात सहज आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत किती तारखेपर्यंत राहता येईल त्या नोंदीची, प्रत डाउनलोड केली आणि तारीख वाचून हातपाय गळाले. नवऱ्याच्या एच-१बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, अजून दोन वर्षं शिल्लक होती आणि त्याची बायको म्हणून मी एच-४ वर होते. माझा मुक्काम मात्र अकरा आठवड्यांत संपत होता, बरोबर पासपोर्ट संपतो त्या दिवशी. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला पासपोर्टच्या तारखेपर्यंतच राहायला दिलं होतं आणि आम्ही दोघांनी तो कागद दीड वर्ष उघडलाच नव्हता.

त्या रात्री नवरा एकीकडे आणि मी एकीकडे लॅपटॉप घेऊन बसलो. अर्ज इथूनच करावा, की भारतात जाऊन स्टॅम्पिंग करून, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लावून, यावं? की सरळ बाळंतपणालाच माहेरी जावं? तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली. पुढच्या काही महिन्यांत हे सगळं जवळून पाहिलं, मैत्रिणींचंही पाहिलं. म्हणून आज अमेरिकेत याच विचारात पडलेल्या जोडप्यांसाठी हे सगळं शेजारी शेजारी मांडते आहे.

आधी एक घोळ सोडवू. पासपोर्टवरचा स्टॅम्प, म्हणजे व्हिसा, ही दारातून आत यायची परवानगी. आत आल्यावर किती दिवस राहायचं, ते आय-९४ ठरवतो. स्टॅम्प संपला तरी आय-९४ चालू असेल तर तुमचं राहणं कायदेशीर आहे. उलट स्टॅम्प दोन वर्षांचा बाकी असला आणि आय-९४ संपला, तर नाही. आणि नवऱ्याचं एक्सटेन्शन झालं म्हणजे बायकोचं आपोआप झालं, असं अजिबात नसतं. त्याच्यासाठी कंपनी आय-१२९ हा अर्ज भरते. आपल्याला आपला मुदतवाढीचा अर्ज, आय-५३९, वेगळा भरावा लागतो, आपल्या सहीने. वकिलाचा ‘अप्रूव्ह झालं’ असा मेल आला की तो नुसता वाचून सोडू नका, त्यात कोणाचं नाव आहे ते बघा. कंपनी कुटुंबाचा अर्ज भरत नसेल तर तसं कोणी आठवणीने सांगायला येत नाही.

इथेच राहून आय-५३९ भरणं

आम्ही हेच केलं, आणि बहुतेकींना मी हेच सांगेन.

आय-९४ संपायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. संपण्याआधी तो पोहोचलेला असायला हवा, नुसता पोस्टात टाकलेला चालत नाही. ऑनलाइन भरला तर फी ४२० डॉलर, कागदी भरला तर ४७०, हे एप्रिल २०२४ पासूनचे दर. पूर्वी बायोमेट्रिक्सचे, म्हणजे बोटांच्या ठशांचे, ८५ डॉलर वेगळे लागायचे, ते ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाले. कागदी अर्जासोबत आता चेकही घेत नाहीत. कार्डाने किंवा थेट बँक खात्यातून पैसे द्यावे लागतात. जोडायचं काय, तर पासपोर्ट, आय-९४, नवऱ्याचा आय-७९७ (मंजुरीचं पत्र), त्याच्या अलीकडच्या पगाराच्या पावत्या आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. लग्नाची पत्रिका आणि फोटो हा जादाचा पुरावा झाला. प्रमाणपत्र महापालिका, ग्रामपंचायत अशा सरकारी विवाह नोंदणी कार्यालयाचंच हवं. ते फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचं. अर्जाच्या दिवशी पासपोर्ट चालू असावा लागतो. त्यामुळे माझ्यासारखा पासपोर्टच संपत आला असेल तर आधी तो करून घ्या. आम्ही तत्काळमध्ये केला आणि तेविसाव्या आठवड्यात अर्ज गेला.

अर्ज वेळेत पोहोचला की निकाल लागेपर्यंत इथे राहता येतं आणि तो काळ बेकायदा मुक्कामात धरला जात नाही. पोटातल्या बाळाच्या दृष्टीने या मार्गाची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. डॉक्टर बदलत नाहीत, हॉस्पिटल बदलत नाही, नवऱ्याच्या कंपनीचा विमा चालू राहतो. अर्जात गरोदरपणाचा प्रश्नच नाही. २०२० साली बाळंतपणासाठी अमेरिकेत येणाऱ्यांविरुद्ध नियम आला, त्याची धास्ती अनेकींच्या मनात असते. पण तो बी, म्हणजे पर्यटक व्हिसापुरता आहे. एच-४ च्या मुदतवाढीशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे पोट लपवायची काहीही गरज नाही.

आता उणी बाजू. वेळ किती लागेल ते आपल्या हातात नसतं. एच-४ च्या आय-५३९ ला प्रीमियम प्रोसेसिंग, म्हणजे जादा फी भरून लवकर निकाल घ्यायची सोय, मिळत नाही; नवऱ्याच्या अर्जाला मिळते. २०२३ च्या जानेवारीतल्या एका कोर्टातल्या तडजोडीमुळे नवऱ्यासोबत भरलेला बायकोचा अर्जही त्याच्याबरोबरच निकाली काढावा लागत असे. ती तडजोड १८ जानेवारी २०२५ ला संपली. त्यामुळे त्याचं कामकाजाच्या पंधरा दिवसांत आणि तिचं कित्येक महिन्यांनी, असं आता होऊ शकतं. माझं पत्र आलं तेव्हा बाळ सहा आठवड्यांचं होतं. मधल्या काळात माझा ड्रायव्हिंग लायसन्स संपला, कारण तो आय-९४ ला बांधलेला असतो. शेवटच्या महिन्यात तर दर आठवड्याला डॉक्टर, आणि प्रत्येक वेळी नवरा मीटिंग सोडून गाडी काढायचा. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही, पण मला आपलं ओझं वाटायचं. तुमच्या राज्यात आय-५३९ च्या पावतीवर लायसन्सला तात्पुरती मुदत मिळते का, ते आधीच विचारून ठेवा.

बायोमेट्रिक्सचं बोलावणं मला चौतिसाव्या आठवड्यात आलं. बसायला खुर्ची मिळाली, दहा मिनिटांत बोटांचे ठसे झाले. तारीख प्रसूतीच्या आसपास आली तर ऑनलाइन खात्यातून ती बदलून घेता येते, पण तारीख उलटायच्या आत. घराचंही लक्षात ठेवा. बाळ येणार म्हणून पुष्कळ जण याच दिवसांत एका बेडरूमच्या घरातून दोन बेडरूमच्या घरात जातात. पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११ भरायचा असतो. तो राहिला की बोलावण्याचं पत्र जुन्या दारात पडून राहतं. आमच्या ओळखीत एकीचा अर्ज याच कारणाने नामंजूर झाला, आणि ती तेव्हा नऊ महिन्यांची गरोदर होती.

हा अर्ज चालू असताना देश सोडला तर त्या अर्जाला अर्थ उरत नाही. परत येताना नवा आय-९४ मिळतो, तोच खरा. म्हणून ‘अर्ज पण टाकू आणि डोहाळजेवणाला जाऊनही येऊ’ असं दोन्ही डगरींवर हात ठेवू नका.

भारतात जाऊन प्रसूतीआधी परतणं

इथे सगळं एका प्रश्नावर अवलंबून आहे: पासपोर्टवरचा स्टॅम्प चालू आहे का?

चालू असेल, नवा पासपोर्ट हातात असेल आणि नवऱ्याचा आय-७९७ पुढच्या तारखेचा असेल, तर हा मार्ग खरंच छान आहे. माहेरी दोन आठवडे राहायचं आणि परत यायचं. उतरल्यावर विमानतळावरच नवा आय-९४ मिळतो. फॉर्म नको, फी नको, वाट पाहणं नको. स्टॅम्प जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवा. प्रवासाला चौदा ते अठ्ठावीस आठवडे हा काळ बरा. अठ्ठावीस आठवड्यांनंतर अनेक विमान कंपन्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, आणि एकच बाळ असलं तरी छत्तिसाव्या आठवड्यानंतर बहुतेक घेत नाहीत. मुंबई ते न्यूअर्क थेट विमानालाही पंधरा-सोळा तास लागतात. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दर तासा-दोन तासांनी उठून चालावं लागतं, तेव्हा कडेचीच सीट घ्या.

स्टॅम्प संपलेला असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: पोटात बाळ घेऊन स्टॅम्पिंगला जाऊ नका. पूर्वी ड्रॉपबॉक्समध्ये पासपोर्ट टाकला की मुलाखतीशिवाय काम होत असे. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-४ ला ती सवलत राहिली नाही, मुलाखत द्यावीच लागते. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ दोघांचीही समाजमाध्यमांवरची खाती तपासायला सुरुवात झाली. तेव्हा भारतातल्या कितीतरी लोकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. नोकऱ्या, घरं, मुलांच्या शाळा इकडे आणि माणसं तिकडे अडकली. गरोदर बाईचं अडकणं त्याहून अवघड आहे, कारण तिच्या बाबतीत चौतिसावा आठवडा कोणासाठी थांबत नाही. मुलाखत चांगली होऊनही पासपोर्ट तपासणीसाठी ठेवून घेतला तर मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतून बाहेर पडताना हातात फक्त कागद असतो आणि परतीचं तिकीट फुकट जातं. मग प्रसूती भारतात, विमा अमेरिकेत आणि नवरा तिसऱ्याच काळजीत. व्हिसाची फी २०५ डॉलरच आहे. आय-५३९ पेक्षा ती स्वस्त दिसते, पण त्या हिशोबाने जाऊ नका.

सीमेवरून जाऊन येण्याची युक्तीही लोक सुचवतात: कॅनडा किंवा मेक्सिकोत पाऊल ठेवायचं आणि नवा आय-९४ घेऊन यायचं. जमिनीवरच्या सीमेवर त्याचे सुमारे ३० डॉलर लागतात. स्टॅम्प आणि नवा पासपोर्ट चालू असेल तरच हे जमतं. कॅनडासाठी आपल्याला वेगळा व्हिसा लागतो. मेक्सिकोत अमेरिकेच्या चालू व्हिसावर जाता येतं, पण तिथे झिका विषाणूचा धोका सांगितलेला आहे आणि गरोदर स्त्रीला तो परवडणारा नाही. कॅनडाचा व्हिसा आधीपासून पासपोर्टवर असेल आणि सीमा गाडीने दोन-चार तासांवर असेल तर विचार करा. नाहीतर सोडून द्या.

बाळंतपणालाच माहेरी जाणं

हा निर्णय व्हिसाच्या तक्त्यात बसवता येत नाही, आणि बसवूही नये. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत उगाच नाही. सकाळी तेल लावून शेकायला बाई येते, आई आळिवाची खीर समोर ठेवते, रात्री बाळ रडलं की उचलायला चार हात असतात. मी इथे बाळंत झाले तेव्हा तिसऱ्या दिवशी घरी आले आणि स्वयंपाकघरात नवरा फोनवर आईला विचारून डिंक तळत होता. तो जळला. त्या वासाने मला जे रडू आलं, त्याचं कारण डिंक नव्हता.

पण जाणार असाल तर पुरतं ठरवून, वेळेत जा. अमेरिकेतला विमा सहसा भारतातल्या नेहमीच्या बाळंतपणाचे पैसे देत नाही. भारतात नवी पॉलिसी घेतली तरी प्रसूतीसाठी तिला प्रतीक्षाकाळ असतो. म्हणजे खर्च खिशातून. बाळ भारतीय नागरिक असेल. त्याचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि मग स्वतंत्र एच-४ अर्ज, स्वतंत्र २०५ डॉलर. तुमचा स्टॅम्प संपलेला असेल तर तुमचीही मुलाखत. हे सगळं होऊन परत यायला बाळ पाच-सहा महिन्यांचं होईल असंच धरून चला. तोवर बाबा व्हिडिओ कॉलवर. ज्यांचं भारतात कायमचं परतायचं ठरलेलं आहे, किंवा पहिलं मूल लहान आहे आणि इथे मदतीला कोणीच नाही, त्यांना हा मार्ग मी मोकळ्या मनाने सुचवेन.

नागरिकत्वाचा मुद्दा इथे येतोच. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशात असं म्हटलं होतं की, आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला जन्माने नागरिकत्व मिळणार नाही. खालच्या न्यायालयांनी तो अडवला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीला घेतलं. माझी विनंती एवढीच, की बाळंतपण कुठे करायचं हे या बातम्यांवर ठरवू नका. आपली तब्येत, आपली माणसं आणि विमा यांवर ठरवा.

दोन गोष्टी तिन्ही मार्गांना लागू आहेत. आय-९४ संपून गेला आणि अर्जही केला नाही, तर त्या दिवसापासून बेकायदा मुक्काम मोजायला सुरुवात होते. १८० दिवसांच्या वर गेला आणि मग देश सोडला तर तीन वर्षं, वर्ष झालं तर दहा वर्षं प्रवेशबंदी. तारीख नुकतीच उलटली असेल तर आजच इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. सबळ कारण असेल तर उशिरा आलेला अर्जही घेतला जाऊ शकतो. दुसरी गोष्ट नोकरीची. नवऱ्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत असते आणि ती एच-४ लाही मिळते, पण आय-९४ त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. विमा मात्र लगेच तुटू शकतो. तेव्हा कोब्रा, म्हणजे तोच विमा स्वतः हप्ता भरून चालू ठेवायची सोय, घ्यायचा की नाही हे ठरवायला साठ दिवस मिळतात आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. हप्ता जड असतो. तरीही सातव्या-आठव्या महिन्यात असाल तर घ्या. आणि बाळ झाल्यावर तीस दिवसांच्या आत त्याचं नाव कंपनीच्या विम्यात घाला, ही आठवण नवऱ्याच्या फोनमध्ये आजच लावून ठेवा.

बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर माझी आई आली, पर्यटक व्हिसावर. येताना डब्यात मेथीचे लाडू होते आणि तुपात परतलेला डिंक वेगळ्या पिशवीत. विमानतळावरून घरी येताना ती मागच्या सीटवर बाळाच्या शेजारी बसून त्याची बोटं मोजत होती, आणि मी पुढे बसून फोनवर तिचा आय-९४ काढून तारीख वाचत होते.