पालकगट: ठाण्यात प्रत्यक्ष भेटायचं की ऑनलाइन?
एनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याचा आजार) किंवा बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे काढण्याचा आजार) असलेल्या मुलांना सांभाळणाऱ्यांना दोन्ही गटांची मदत होते, पण वेगवेगळी.

प्रत्यक्ष गटात 8–10 जण पुरेत. रुग्ण आणि घरचे वेगळे बसवावेत; एकत्र बसले की रुग्ण एकमेकांच्या शरीराशी तुलना करतात, आई-वडीलही मोकळं बोलत नाहीत. खरा फायदा सरावाचा. ताटासमोर अडून बसलेल्या मुलीशी वाद न घालता "अवघड आहे, कळतंय मला. मी इथेच आहे, पुढचा घास घे" असं शांतपणे कसं म्हणायचं, हे एकमेकांसमोर करून बघता येतं. अडचण वेळेची. पनवेलहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येऊन परत जाईपर्यंत घरचं एक खाणं सोबतीशिवाय जातं. सुरुवातीच्या महिन्यांत तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी यांतलं एकही तसं जाऊ नये.

ऑनलाइन गटात ही धावपळ वाचते. पण रात्री नऊची वेळ नको: जेवणानंतरचा तास मुलीजवळ बसायचा, म्हणजे उलटी काढणं टळतं. दहाला सुरू करा. वन-बीएचकेत हेडफोन लावूनही तुमचं बोलणं तिला ऐकू जातं, म्हणून खाली सोसायटीच्या आवारात बसा. व्हॉट्सअ‍ॅपवर वजनाचे आकडे, कॅलरी, आधी-नंतरचे फोटो आले की ते लगेच काढायला हवेत.

आमचं मत: पहिल्या तीन भेटी प्रत्यक्ष, मग ऑनलाइन. चक्कर, धडधड, दिवसातून अनेकदा उलट्या असं काही दिसलं, तर गटात विचारत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या.