गंजगोलाईतल्या चाचाचं जाकीट: शिलाई एक नंबर, तारखेचं नाव काढू नका

लातुरात पुढाऱ्यासारखं जाकीट कुठं शिवून मिळतं असं या महिन्यात तिघांनी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकाच्या बोळात भांड्याच्या दुकानाशेजारून अरुंद जिना वर जातो, वर दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि चाचा. दुकानाला पाटी नाही. कुणालाही विचारा, खादीवाले चाचा म्हणलं की बोट दाखवतात.

आमच्या दाजींना गावात सरपंचपदाचा फॉर्म भरायचा होता (औसा तालुक्यातलं गाव, नाव नको) आणि ताईनं बजावून सांगितलेलं की रेडिमेड जाकीट आणायचं नाही, खांद्यावर उभं राहतंय, माणूस शाळेच्या गॅदरिंगला निघाल्यासारखा दिसतोय. म्हणून दोन नेहरू शर्ट, दोन पायजमे आणि एक जाकीट एवढं काम घेऊन आम्ही गेलो. कापड आपलं आपण न्यायचं. खादी न्यायची असंल तर आधी रात्रभर भिजवून वाळवून न्या, नाहीतर चाचा हातात घेऊन चुरगाळून बघतो आणि परत पाठवतो, आम्हाला पाठवलंच. दाजी रागावले, पण त्याचं बरोबर होतं, पहिल्या धुण्यात खादी आटती आणि मग बाह्या मनगटाच्या वर जातात. वर आम्हालाच सुनावलं की ज्या मराठवाड्यात झेंड्याची खादी उदगीरला विणतात आणि नांदेडला तिरंगा शिवतात, तिथल्या माणसाला खादी भिजवायची माहीत नाही म्हणजे कमाल आहे.

आता माप. हे खरं बघण्यासारखं. भिंतीवर विलासराव देशमुखांचा मोठा फोटो, त्याच्या शेजारी थोडा लहान गोपीनाथराव मुंडेंचा, पार्टी वेगळी पण दोस्ती सगळ्या महाराष्ट्राला माहीत म्हणून दोघं शेजारी लावलेत म्हणे. तुम्ही हात लांब करून उभे राहता आणि चाचा टेप लावत लावत साहेबांची, म्हणजे विलासरावांची, पूर्ण कारकीर्द सांगतो. छातीच्या मापाला बाभळगावची सरपंचकी, 1974. कंबरेला उस्मानाबाद झेडपी, कारण लातूर जिल्हा तेव्हा नव्हताच, तो 1982 ला झाला. बाहीला 1980 ची पहिली आमदारकी आणि त्यानंतर दोन वर्षात राज्यमंत्रिपद. खांद्यापाशी आला की थांबतो.

खांद्याला 1995 येतं. लातूरकरांनी साहेबांना पाडलं, जनता दलाचे कव्हेकर निवडून आले, तेही हजार दोन हजारानं नाही, तीस हजाराच्या वर फरक. दाजी म्हणले, मग चाचा, तुम्ही कुणाला दिलं होतं? चाचानं टेप गुंडाळली, मापाची वही उघडली आणि म्हणला, “मालक, टेलर सगळ्यांचं माप घेतो, आपलं देत नाही.” म्हणजे काय ते आम्ही समजून घेतलं.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. जाकिटाच्या आत बगलेखाली चाचा अर्धा इंच कापड जास्तीचं दाबून ठेवतो. बाकीचे टेलर कापड वाचवायला दाब कमी ठेवतात, मग पोट सुटलं की जाकीट टाकूनच द्यावं लागतं. मी विचारलं एवढं कशाला ठेवता, तर म्हणला, “साहेब अर्ध्या मतानं पडले होते, तेव्हापासून अर्ध्या इंचाला आपण कमी समजत नाही.” मला वाटलं चाचा फेकायलाय, अर्धं मत कुठं असतं का, माणूस काय अर्धा बटन दाबतो? घरी येऊन वडिलांना विचारलं तर ते म्हणले खरंय, 1996 ची विधान परिषद, बंडखोरी करून उभे होते. तिथं आमदार मत देतात आणि पसंतीक्रम लिहितात, एक, दोन, तीन असं. एका मताची किंमत शंभर धरतात, निवडून आलेल्याची जास्तीची मतं पुढच्या पसंतीला वळवताना अपूर्णांकात मोजतात, म्हणून अर्ध्या मतानं पडता येतं. मी कॉमर्स करून हे मला माहीत नव्हतं आणि सातवी शिकलेल्या माणसानं त्यावरून शिलाईचा नियम काढला.

पुढचं चाचा भराभर सांगतो, कारण त्यात त्याला मजा येत नाही असं मला वाटलं. 1999 ला त्याच लातूरनं नव्वद हजाराच्या आसपास लीडनं निवडून दिलं आणि ऑक्टोबरात साहेब थेट मुख्यमंत्री. जानेवारी 2003 ला खुर्ची सोडली, शेजारच्या सोलापूरचे सुशीलकुमार आले, 2004 ला परत साहेब. मी मुद्दाम 2008 काढलं. 26/11 ला हल्ला झालेल्या मुंबईच्या ताज हॉटेलची पाहणी करायला जाताना सिनेमावाल्याला बरोबर नेलं आणि खुर्ची गेली, हे कसं काय? चाचा कात्री चालवत राहिला. मग मी सुप्रीम कोर्टाचं काढलं, साहेबांनी मुख्यमंत्री असताना सावकाराच्या प्रकरणात पोलिसांच्या कामात हात घातला म्हणून 2010 ला राज्य सरकारला दहा लाखाचा दंड बसला होता. त्यावर एवढंच म्हणला, “डाग कुठल्या कापडाला पडत नाही.” मला काय हे उत्तर पटलं नाही. आणि एवढी वर्षं मुख्यमंत्रिपद, त्यानंतर दिल्लीची मंत्रिपदं, तरी 2016 ला आपल्याला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे पण मी बोलून घेतलं. ऊस कुणी लावला, कारखाने कुणी काढले, याचा हिशोब फोटोला हार घातल्यानं मिटत नाही. चाचा म्हणला पाणी मलाबी नव्हतं बाळ, घागरी घेऊन मीबी उभा होतो. मग दोघंही गप्प बसलो, खालून चहा आला. चहाचे पैसे घेत नाही, हे लिहायचं राहू नये.

आता तक्रार. तारीख. गुरुवारी देतो म्हणला, दाजींचा फॉर्म शुक्रवारी. गुरुवारी गेलो तर काजं राहिलीत. रात्री नऊला गेलो तर कुलूप. शेवटी दाजींनी चुलत्याचं जाकीट घालून फॉर्म भरला, ते इतकं ढगळ की फोटोत दाजी जाकिटात नाहीत, जाकीट दाजींवर बसलंय असं दिसतंय, आणि तोच फोटो बॅनरवर गेला. मंगळवारी आमचं जाकीट मिळालं. ताई अजून चाचाचं नाव काढू देत नाही.

पण हातात आल्यावर खरं सांगतो, राग गेला. गळपट्टी ताठ पण टोचत नाही, अस्तर कुठं ओढत नाही, खिशाचा कोपरा हातशिलाईनं पक्का केलेला, हात वर करून नमस्कार केला तरी पुढून जाकीट वर चढत नाही. ही शेवटची गोष्ट प्रचारात किती कामाची आहे ते उभं राहिलेल्यालाच विचारा. जाकिटाची शिलाई बाजारापेक्षा दोनशे-अडीचशे जास्त पडती, पायजम्याला मात्र नेहमीचाच रेट. पायजम्याची नाडी पट्टी जरा अरुंद ठेवतो, ती आधीच सांगा.

जायचं असंल तर दुपारी जा, संध्याकाळी गर्दी असते. शुक्रवारी दोन ते चार बंद. 14 ऑगस्टला पण बंद असतं, 2012 ला त्या दिवशी साहेब चेन्नईत वारले, दुसऱ्या दिवशी बाभळगावला अंत्यविधी झाला. झेंडावंदनाच्या कुर्त्यांची घाई असते तेव्हा, तरी चाचा दुकान उघडत नाही, त्यामुळं 15 ऑगस्टसाठी काही शिवायचं असंल तर जुलैतच टाका.

दाजी अकरा मतानं पडले. जाकीट आता लग्नात घालतात, आणि लग्नं खाऊन खाऊन परवा बटन लागंना झालं म्हणून परत चाचाकडं नेऊन टाकलंय, तो दाबलेला अर्धा इंच सोडायला. गुरुवारी देतो म्हणलाय.