हिरव्या खुणांचा तक्ता आणि आमचे साडेचार लाख रुपये

पुण्यातील आमची 14 जणांची सॉफ्टवेअर कंपनी कारखान्यांच्या पगारपत्रकांचे काम करते. हजारो कामगारांचे बँक खाते क्रमांक आणि पॅन क्रमांक आमच्या ताब्यात असतात. एका जर्मन ग्राहकाने या माहितीच्या सुरक्षेचे पुरावे मागितले, तेव्हा आम्ही घाईघाईने एका सल्लागार संस्थेला साडेचार लाख रुपये आगाऊ दिले. एकच कंट्रोल फ्रेमवर्क, म्हणजे सुरक्षेच्या उपायांची (कंट्रोलची) एकच चौकट, राबवली की माहिती-सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 27001, सेवा कंपन्यांच्या सुरक्षा-तपासणीची अमेरिकी पद्धत सॉक 2, युरोपचा माहिती-संरक्षण कायदा जीडीपीआर आणि आपला डीपीडीपी (डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण) कायदा यांची पूर्तता एकदम होते, असे आश्वासन त्यांनी दिले होते.

ही कल्पना मुळात खोटी नाही, आणि म्हणूनच आम्ही फसलो. वेगवेगळी मानके बॅकअप, पासवर्ड, लॉग (यंत्रणेतील घडामोडींच्या नोंदी) यांबाबत पुष्कळदा तेच मागतात, त्यामुळे एक कंट्रोल नीट राबवून त्याचा पुरावा अनेक ठिकाणी दाखवता येतो. हजाराहून अधिक कंट्रोल असलेले सिक्युअर कंट्रोल्स फ्रेमवर्क तर मोफत मिळते. मात्र कंट्रोल आणि नियमांची अशी जोडणी प्रामाणिकपणे केलेली असेल, तर कंट्रोल आणि कायद्याचे कलम तंतोतंत जुळते की केवळ काही अंशी, हे प्रत्येक ठिकाणी नोंदलेले असते. आम्हाला दिलेल्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. सगळीकडे पूर्तता झाल्याची हिरवी खूण होती.

सुरक्षाभंग कळवण्याच्या ओळीत 72 तासांची मुदत लिहिली होती. ती जीडीपीआरची आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. आमच्या सर्व्हरवरचे लॉग 30 दिवसांनी पुसले जात होते, तरी त्या ओळीपुढेही खूण होतीच, कारण तीन महिन्यांत त्यांच्यापैकी कोणीही आमचा सर्व्हर एकदासुद्धा उघडून पाहिला नव्हता. बॅकअपच्या चाचणीचा पुरावा म्हणून जोडलेल्या कागदावर दुसऱ्याच कंपनीचे नाव होते. ते आमच्याही नजरेतून सुटले, याचे मला आजही वाईट वाटते.

शेवटी चार प्रमाणपत्रे हातात आली. ती पाहून जर्मन ग्राहकाने एवढेच विचारले, की सॉक 2 च्या अहवालावर कोणत्या सीपीए (अमेरिकेतील परवानाधारक लेखापाल) फर्मची सही आहे. तेव्हा कळले, की सॉक 2 चे प्रमाणपत्र नसतेच. सीपीए फर्मने तपासणी करून दिलेला अहवाल असतो. डीपीडीपी कायद्यात तर अशा प्रमाणपत्राची तरतूदच नाही. आयएसओचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबी (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देणारे भारतातील मंडळ) किंवा तत्सम कोणत्याही मंडळाची मान्यता नव्हती, आणि सोबतच्या यादीत 2013 च्या आवृत्तीचे 114 कंट्रोल होते. 2022 च्या आवृत्तीत ते 93 आहेत.

पैसे परत मागितले, तेव्हा त्यांनी करारातील एक कलम दाखवले : कागदपत्रे सुपूर्द होताच काम पूर्ण झाले असे समजले जाईल. असा करार समोर आला, तर प्रत्येक खुणेमागचा पुरावा आपल्याच यंत्रणेतून काढून दाखवण्याची अट घातल्याशिवाय सही करू नका.

मागच्या महिन्यात आम्ही प्रथमच बॅकअप स्वतः रिस्टोअर करून पाहिला. त्यात फेब्रुवारीनंतरचे एकही पगारपत्रक नव्हते.