उनो की ईएसपी३२: सेन्सर, डिस्प्ले आणि मोटर जोडायला शिकताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पहिला मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम घालून सेन्सर, मोटर वगैरे चालवता येणारा छोटा संगणक) घ्यायला गेलेल्या नवशिक्यापुढे बहुधा दोन पर्याय येतात : आर्डुइनो उनो आणि ईएसपी३२. उनोचा वेग १६ मेगाहर्ट्‌झ आणि रॅम २ केबी; ईएसपी३२चा वेग २४० मेगाहर्ट्‌झपर्यंत, रॅम ५२० केबी, शिवाय वाय-फाय आणि ब्लूटूथ अंगचेच. केवळ आकडे पाहिले तर उनो घेण्याचे कारण उरत नाही. परंतु जोडणी शिकताना वेगाच्या आधी व्होल्टेजशी गाठ पडते.

उनोच्या पिना ५ व्होल्टवर चालतात, तर ईएसपी३२च्या ३.३ व्होल्टवर. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ हा स्वस्त सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या इको पिनेतून ५ व्होल्टचाच संकेत बाहेर येतो. उनोला तो थेट जोडता येतो. ईएसपी३२ची पिन मात्र त्याने निकामी होऊ शकते, म्हणून मध्ये १ आणि २ किलोओहमच्या रोधकांचा विभाजक घालून संकेत सुमारे ३.३ व्होल्टवर आणावा लागतो. अर्थात बीएमपी२८०सारखा हवेचा दाब मोजणारा सेन्सर ३.३ व्होल्टचा असल्याने तिथे पंचाईत उनोची होते आणि लेव्हल शिफ्टर, म्हणजे संकेताचे व्होल्टेज बदलणारा छोटा भाग, शोधावा लागतो. तरीही चुकीची जोडणी उनो अधिक सहन करतो, आणि त्याच्या मूळ रचनेत एटीमेगा३२८पी ही चिप सॉकेटमध्ये बसवलेली असल्यामुळे ती जळालीच तर बूटलोडर (आपला प्रोग्रॅम चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) घातलेली दुसरी बसवून बोर्ड वाचवता येतो.

मातीतील ओलाव्यासारखे अॅनालॉग मापन उनो १० बिटांत, म्हणजे ० ते १०२३ या पट्टीवर देतो. ईएसपी३२ची पट्टी ० ते ४०९५ अशी बारीक असली, तरी तिच्या दोन्ही टोकांजवळचे आकडे भरवशाचे नसतात, आणि वाय-फाय चालू असताना एडीसी२ गटातील, म्हणजे अशा वाचनाच्या दोन गटांपैकी दुसऱ्या गटातील, पिनांवर अॅनालॉग वाचन करता येत नाही. सगळे बरोबर जोडूनही वाचन का येत नाही, या प्रश्नाने अनेकांची संध्याकाळ इथेच खर्ची पडते.

डिस्प्लेच्या बाबतीत पारडे फिरते. १६×२ एलसीडीपुरते उनो पुरेसा आहे; पण १२८×६४ बिंदूंच्या ओएलईडीचे पूर्ण चित्र स्मृतीत धरायला १०२४ बाइट लागतात, म्हणजे उनोची निम्मी रॅम तिथेच संपते. आलेख, रंगीत पडदा किंवा मोबाइलवर दिसणारी नोंद हे उद्दिष्ट असेल, तर सुरुवात ईएसपी३२नेच करावी. एरवी माझा कौल उनोला आहे.

मोटरसाठी मात्र दोघेही सारखेच दुबळे आहेत. उनोच्या एका पिनेतून साधारण २० मिलीअँपियरपर्यंतच प्रवाह घेणे सुरक्षित असते, आणि खेळण्यातील मोटर अडकली तर तिला त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून बोर्डाच्या संकेतानुसार मोटरीला प्रवाह पुरवणारा ड्रायव्हर अपरिहार्य ठरतो. सर्वत्र मिळणारा एल२९८एन स्वतःच सुमारे २ व्होल्ट गिळतो, त्यामुळे ६ व्होल्टच्या बॅटरीवर मोटरीला जेमतेम ४ व्होल्ट पोचतात. लहान मोटरींसाठी टीबी६६१२ हा ड्रायव्हर अधिक योग्य. बोर्ड कोणताही असो, मोटरीला स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा आणि त्याचे ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडावे. ही एक तार राहिली, तर ड्रायव्हरला बोर्डाचा संकेत नीट ओळखता येत नाही आणि दोष मात्र प्रोग्रॅममध्ये शोधला जातो.