डीएनएसमास्कवर आठ महिने: आयपी वाटपाचा हिशेब एकाच फाइलमध्ये

राउटरमधलं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते आपोआप वाटणारी सेवा) बंद करून ते काम एका छोट्या लिनक्स मशीनवरच्या डीएनएसमास्क या प्रोग्रॅमकडे दिलं, त्याला आठ महिने झाले. साठेक उपकरणं, एकच /२४ नेटवर्क, म्हणजे २५६ पत्त्यांचा एक गट. निकाल आधीच सांगतो: रिझर्व्हेशनसाठी, म्हणजे ठराविक उपकरणाला कायम एकच पत्ता बांधून द्यायला, झकास. पण एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने लगेच सूत्रं हाती घ्यावीत असं हवं असेल, तर हे नको; ती सोय यात नाही, त्यासाठी किआ या दुसऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडे वळावं.

पत्त्यांची विभागणी पहिल्या दिवशी केली ती अजून टिकून आहे. १९२.१६८.४०.१ ते १९ फक्त राउटर, स्विच, ॲक्सेस पॉइंट आणि डीएचसीपी मशीन स्वतः. यांचे पत्ते हाताने टाकलेले. २० ते ९९ रिझर्व्हेशन. १०० ते २१९ डायनॅमिक पूल (येईल त्याला तात्पुरते दिले जाणारे पत्ते), लीज म्हणजे पत्ता वापरायची मुदत १२ तास. वरचे मोकळे. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ हे सबनेट (पत्त्यांचे गट) मुद्दाम टाळले, कारण बहुतेक राउटर तेच घेऊन येतात आणि बाहेरून व्हीपीएन जोडलं की दोन्ही टोकांना एकच सबनेट निघतं.

प्रिंटर, कॅमेरे, स्टोरेज यांना स्टॅटिक आयपी उपकरणावर टाकू नका. ती सेटिंग्ज आत दडून बसतात. गेटवे किंवा डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) बदललं की प्रत्येकाच्या पॅनलवर जाऊन बटणं दाबत बसावं लागतं, आणि एखादा प्रिंटर हमखास राहतो. उपकरण डीएचसीपीवरच ठेवा आणि पत्ता सर्व्हरवर बांधा. डीएचसीपी-होस्टच्या एका ओळीत मॅक (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता), आयपी आणि नाव लिहिलं की काम झालं. तेच नाव डीएनएसमध्येही चालतं.

रिझर्व्हेशनचा पत्ता पूलच्या बाहेर पण त्याच सबनेटमध्ये असला तरी चालतो, आणि तसाच ठेवावा. पूलमधला १२० नंबर प्रिंटरला बांधायला गेलात आणि तो आधीच कुणाच्या फोनकडे लीजवर असला, तर प्रिंटरला भलताच पत्ता मिळतो. एरर कुठेच दिसत नाही. लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं असतं की ठरवलेला पत्ता अमुक मॅककडे लीजवर असल्याने वापरलेला नाही. लॉगमध्ये ‘आधी नाकारला गेला’ अशी ओळ दिसली तर प्रकार वेगळा: उपकरणाने पत्ता घेतला, एआरपीने (हा आयपी कोणत्या मॅककडे आहे, असं नेटवर्कवर विचारून) तपासला, तो आधीच कुणीतरी वापरत होतं, म्हणून परत केला. अशा वेळी कुणीतरी तो आयपी हाताने टाकलेला असतो. आर्पिंग ही कमांड चालवून उत्तर देणारा मॅक बघा, चोर सापडतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ‘हे उपकरण नक्की कोण?’ या प्रश्नाने खाल्ला. मॅक म्हणजे ओळख असं आपण धरून चालतो, पण क्लायंट-आयडी (उपकरण स्वतःहून पाठवतं ती ओळख) आला की सर्व्हर आधी तो बघतो. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर दोघं वेगवेगळे आयडी पाठवू शकतात, आणि लीजच्या यादीत एकच कार्ड दोन पत्त्यांवर दिसतं. होस्टच्या ओळीत ‘आयडी:*’ जोडलं की आयडीकडे दुर्लक्ष होतं, फक्त मॅक बघितला जातो. क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीनचं याच्या नेमकं उलट होतं. मॅक वेगळे, पण मशीन-आयडीची फाइल तीच, म्हणून लिनक्समधली सिस्टमडी-नेटवर्कडी ही नेटवर्क सेवा दोन्हीकडून एकच आयडी पाठवते आणि दोघांना एकच आयपी मिळतो. टेम्प्लेट बनवतानाच ती फाइल रिकामी करा, किंवा नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये) डीएचसीपी-आयडेंटिफायर ‘मॅक’ ठेवा.

फोनची तऱ्हा निराळी. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून वायफायवर बनावट मॅक हाच डिफॉल्ट आहे. ओळखायला सोपं: मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कंपनीने दिलेला नाही. पत्ता पक्का हवा असेल तर फोनमध्ये त्या नेटवर्कपुरती ही सोय बंद करा. पाहुण्यांचे फोन पूलमध्येच राहू द्या.

फाइल बदलल्यावर नवखे हमखास अडकतात ती जागा म्हणजे रीलोड. चालू प्रोग्रॅमला हँगअप सिग्नल (फाइल पुन्हा वाच असा इशारा) दिला की डीएनएसमास्क होस्टची फाइल पुन्हा वाचतं, पण मुख्य कॉन्फिग वाचत नाही. ओळ मुख्य कॉन्फिगमध्ये टाकलीत तर रीस्टार्टच लागतो, आणि त्याआधी ‘--टेस्ट’ चालवून बघा. एका चुकीच्या ओळीपायी सेवा सुरूच होत नाही. म्हणून सगळी रिझर्व्हेशन्स डीएचसीपी-होस्ट्सफाइलमध्ये ठेवली आहेत, तिथे सिग्नल पुरतो. तरी उपकरण नवा पत्ता लगेच घेत नाही. अर्धी लीज संपल्यावर ते नूतनीकरण मागतं, तेव्हा सर्व्हर जुना पत्ता नाकारतो आणि नवा देतो. १२ तासांच्या लीजवर म्हणजे सहा तासांपर्यंत वाट. घाई असेल तर केबल काढून लावा. सबनेटच बदलायचं असेल तर आदल्या दिवशी लीज दहा मिनिटांवर आणून ठेवा.

वेब पॅनल नाही, हे काहींना खटकेल. टेक्स्ट फाइल गिटमध्ये टाकता येते, कुणी कधी काय बदललं ते दिसतं. पॅनलपेक्षा हे बरं. मशीन बंद पडलं तर चालू उपकरणं लीज संपेपर्यंत तशीच राहतात, नवी मात्र १६९.२५४ वर, म्हणजे सर्व्हर न मिळाल्याने स्वतःच घेतलेल्या पत्त्यावर, जाऊन बसतात. नावं शोधणंही त्याच मशीनवर असेल तर तेही थांबतं. म्हणून तीच फाइल घेऊन दुसरं मशीन तयार आहे, पण सेवा बंद ठेवून. दोन्ही एकदम चालू करू नका: दोघांच्या लीजच्या याद्या वेगळ्या असतात, आणि एकच पत्ता दोन उपकरणांना दिला जाऊ शकतो.