उघडी केबिन की शॉपफ्लोअरची फेरी?

"माझं दार कायम उघडं आहे, कधीही या," असं बहुतेक साहेब सांगतात. दुसरी पद्धत म्हणजे कामगारांचं ऐकायला साहेबानेच उठून शॉपफ्लोअरवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, फिरायचं. दोन्ही गाजल्या ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकी कंपनीमुळे, पण कारखान्यात त्यांचा गुण सारखा नाही.

उघड्या केबिनमध्ये येतो तो मुळात बोलका, किंवा ज्याचं काम अडलंय तो. रात्रपाळीचा हेल्पर सगळ्यांदेखत काचेच्या दारातून आत जाणार नाही. बाहेर आल्यावर सुपरवायझर विचारणारच, "काय सांगितलंस रे?" मात्र पगार, घरची अडचण किंवा छळाची तक्रार असेल तर केबिनच हवी, आणि तेव्हा दार बंद!

मशीनपाशी माणूस लवकर मोकळा होतो, कारण दाखवायला समोर काहीतरी असतं. "हा गार्ड बघा ना साहेब, दर वेळी काढूनच जॉब लावावा लागतो." (गार्ड म्हणजे मशीनचं संरक्षक कव्हर, जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा भाग.) हे वाक्य केबिनमध्ये कोणी बोलत नाही. टोयोटाचे ताइइची ओनो तर इंजिनिअरला खडूच्या वर्तुळात उभं करून तासन्‌तास नुसतं बघायला लावत. पण सोबत एचआर, सुपरवायझर आणि फोटोग्राफर अशी वरात निघाली की फेरी वाया. मधेच "बरं, बघू आपण" म्हणून पुढे सरकणाऱ्यांनी तर न फिरलेलंच बरं.

माझं मत फेरीलाच. फक्त ऐकलेलं वहीत टिपा आणि पुढच्या वेळी त्याच माणसाला उत्तर द्या, मग ते "यंदा बजेट नाही" असलं तरी चालेल.